पदकांचं पुढे काय होतं

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका मंगळवारी, आपल्याकडे दुपारचे सव्वातीन वाजत आले की स्टॉकहोममधून भौतिकशास्त्राच्या नोबेलची घोषणा होते. कनिष्ठ महाविद्यालयात मी हा विषय शिकवतो, त्यामुळे त्या आठवड्यात मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. कुणाला मिळालं, कशासाठी मिळालं, पैसे किती, आणि आपल्याकडे कधी. उत्तरं देताना मलाही उत्साह येतो, कारण एरवी पाठ्यपुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारायला मुलं बिचकतात. पण मला स्वतःला गेली काही वर्षं दुसराच प्रश्न ओढतोय. समारंभ झाला, टाळ्या झाल्या, राजाच्या हातून पदक घेऊन माणूस घरी गेला. पुढे त्या पदकाचं काय झालं?

या ओढीचं मूळ घरात असावं. आमचं घराणं गलाईवाल्यांचं. सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. एखाद्या परक्या शहराच्या सराफ बाजारात मराठी बोलणारा गलाईवाला भेटला, तर तो बहुधा आमच्याकडचाच निघतो. आजोबा ऐन तारुण्यात तमिळनाडूत गेले, मागून चुलते गेले. सुट्टीत आम्ही मुलं तिकडे जायचो. भट्टी, मूस, टाकणखार, तेजाबाचा वास हे सगळं मी अकरावीत रसायनशास्त्र शिकण्याआधी पाहिलेलं आहे. त्यामुळे सोन्याची वस्तू पाहिली की तिच्यावर काय कोरलंय याआधी माझ्या मनात येतं ते तिचं वजन आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता.

नोबेलच्या पदकाचं हे गणित सांगतो. १९८० पूर्वी ते २३ कॅरेटचं आणि साधारण २०० ग्रॅमचं असायचं. आता १८ कॅरेटचं, १७५ ग्रॅमचं आणि ६६ मिलीमीटर व्यासाचं असतं. एका बाजूला आल्फ्रेड नोबेल. भौतिकशास्त्राच्या पदकावर दुसऱ्या बाजूला ढगांतून वर येणारी निसर्गदेवता आहे, आणि विज्ञानाची देवता तिच्या चेहऱ्यावरचा पडदा हलकेच बाजूला करते आहे. खाली विजेत्याचं नाव कोरलेलं असतं. एकदा हे कोरलेलं नावच माणसाच्या जिवावर बेतण्याची वेळ आली होती.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये घुसलं आणि काही तासांत कोपनहेगन त्यांच्या ताब्यात गेलं. त्या शहरात डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची संस्था होती. जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या किंवा जीव मुठीत धरून निघालेल्या कितीतरी शास्त्रज्ञांना तिथे काही महिने, काही वर्षं आसरा मिळाला होता. त्याच भरवशावर दोन जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची नोबेल पदकं तिथे ठेवलेली होती. एक माक्स फॉन लाउअ यांचं, १९१४ सालचं. स्फटिकातून क्ष-किरण गेले की त्यांचं विवर्तन होतं, हा त्यांचा शोध. दुसरं जेम्स फ्रांक यांचं, १९२५ सालचं. इलेक्ट्रॉन अणूवर आदळला की अणू ऊर्जा ठराविक हप्त्यांतच घेतो, हे फ्रांक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी प्रयोगाने दाखवलं होतं. बारावीच्या पुस्तकात बोरचा अणू शिकवताना हा प्रयोग माझ्या मदतीला येतो.

नाझी जर्मनीत देशाबाहेर सोनं पाठवणं हा अतिशय गंभीर गुन्हा होता. फ्रांक तोवर अमेरिकेत सुखरूप होते. लाउअ मात्र बर्लिनमध्येच होते आणि पदकावर त्यांचं नाव होतं. ते पदक जर्मनांच्या हाती पडलं असतं, तर पुरावा शोधायला लांब जावं लागलं नसतं.

संस्थेत त्या वेळी हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी होते. पदकं जमिनीत पुरून ठेवू, असं त्यांनी सुचवलं. बोरना ते पटलं नाही, पुरलेलं उकरून काढता येतं. मग हेवेशींनी पदकं विरघळवायची ठरवलं. बाहेर रस्त्यावरून जर्मन सैनिक चालले होते आणि आपण आत लाउअ आणि फ्रांक यांची पदकं विरघळवत होतो, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे.

ही गोष्ट विज्ञानाच्या गमतीदार किश्श्यांत वारंवार सांगितली जाते, आणि बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकली जाते: अम्लराजात टाकली, विरघळली. मी गलाईवाल्याच्या घरचा असल्यामुळे मला ते वाक्य इतक्या झटपट वाचता येत नाही. आमच्या भट्टीवर तेजाबाचं काम उलटं असतं. हिणकस सोन्यात मुद्दाम चांदी मिसळतात आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकतात. आम्ल चांदी खातं, तांबं खातं, आणि सोनं तसंच तळाशी राहतं. न विरघळणं हाच सोन्याचा धर्म. खुद्द सोनं विरघळवायचं तर नायट्रिकमध्ये साधारण तिप्पट हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळावं लागतं, तेव्हा अम्लराज तयार होतं. त्यात नायट्रिक आम्ल सोन्याचे अगदी थोडे अणू ओढून काढतं, आणि क्लोराइड त्यांना लगेच धरून ठेवतं, परत जाऊ देत नाही. एकट्या कुठल्याच आम्लाच्याने हे होत नाही.

तेही सावकाश होतं. गलाईवाला धातू आधी पातळ पत्रा करून किंवा दाणे पाडून घेतो, म्हणजे आम्लाला चारी बाजूंनी शिरायला जागा मिळते. पदक म्हणजे जाड, भरीव चकती. अशा दोन चकत्या, मिळून सुमारे ४०० ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. त्यांना लीटरभराहून अधिक अम्लराज लागलं असणार. त्यातून तपकिरी धूर निघतो, तो घशात गेला की माणूस खोकून हैराण होतो. सोनं इतकं निष्क्रिय असल्यामुळे काम सोपं नव्हतं, असं हेवेशींनीही म्हटलं आहे. रस्त्यावर सैन्य आहे, कुठल्याही क्षणी दार वाजेल, आणि समोरच्या भांड्यातलं सोनं काही केल्या घाई करत नाही. तो वेळ कसा गेला असेल, हे मला थोडंफार कळू शकतं. आजोबा म्हणायचे की भट्टीपुढे बसणाऱ्याने घड्याळ पाहू नये.

शेवटी नारिंगी रंगाचं द्रावण उरलं. प्रयोगशाळेच्या फळीवर इतर बाटल्यांत ती बाटली ठेवून दिली गेली. जर्मनांनी संस्थेची झडती घेतली, त्यांना काही सापडलं नाही. १९४३मध्ये बोर यांना स्वीडनला पळून जावं लागलं, हेवेशीही गेले. युद्ध संपल्यावर पाहिलं तर बाटली जागच्या जागी होती.

द्रावणातून सोनं परत कसं काढतात, हे मी लहानपणी पाहिलं आहे. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातलं की सोनं खाली बसतं, पण ते चमकत नाही. ओल्या गेरूसारखा तपकिरी गाळ दिसतो, सांगितल्याशिवाय त्याला कुणी सोनं म्हणणार नाही. तो धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत तापवला की मग एकदम तो ओळखीचा पिवळा रंग उजळतो. कोपनहेगनच्या बाटलीतलं सोनंही असंच वेगळं काढून १९५०मध्ये स्टॉकहोमला पाठवण्यात आलं, आणि नोबेल फाउंडेशनने त्याच सोन्याची पदकं पुन्हा पाडून दिली. फ्रांक यांना त्यांचं पदक १९५२मध्ये शिकागोत परत मिळालं.

हेवेशींचं स्वतःचं नोबेल कशासाठी होतं, तेही इथेच सांगायला हवं. किरणोत्सारी अणू खूण म्हणून वापरायचे आणि एखादं मूलद्रव्य वनस्पतीत, प्राण्यात कुठून कुठे गेलं याचा माग काढायचा, ही पद्धत त्यांची. १९४३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. अणूंचा पाठलाग करणाऱ्या माणसाच्या हातून हे काम झालं, याचा मला फार आनंद वाटतो.

पण सोन्याच्या या करामतीत ती पदकं ज्यांची होती ते दोघे मागे पडतात. त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला ही गोष्ट वर्गात संपवता येत नाही.

फ्रांक जन्माने ज्यू. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीच्या बाजूने लढले होते आणि शौर्यासाठीचा आयर्न क्रॉस त्यांना मिळाला होता. एप्रिल १९३३मध्ये हिटलर सरकारने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढणारा कायदा केला, तेव्हा आघाडीवर लढलेल्या माजी सैनिकांना त्यातून सूट होती. म्हणजे एका पदकाच्या जोरावर फ्रांक यांची ग्योटिंगेनची प्राध्यापकी वाचत होती. त्यांनी ती सूट नाकारली. कायदा लागू होऊन दहा-बारा दिवस होतात न होतात तोच त्यांनी जाहीर निवेदन काढून राजीनामा दिला. पुढे कोपनहेगनमध्ये वर्षभर, मग अमेरिका.

जून १९४५मध्ये हाच माणूस शिकागोत अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका समितीचा अध्यक्ष होता. त्या समितीने सरकारला अहवाल दिला: जपानच्या शहरावर अचानक बॉम्ब टाकू नका, आधी वाळवंटात किंवा ओसाड बेटावर जगाच्या प्रतिनिधींसमोर त्याचं प्रात्यक्षिक दाखवा. तो अहवाल मानला गेला नाही. दोन महिन्यांच्या आत हिरोशिमा झालं. फ्रांक यांच्या प्रयोगापेक्षा हा अहवाल मला मोठा वाटतो, असं मी म्हणतो तेव्हा काही सहकारी मान हलवतात. प्रयोग आज ना उद्या कुणीतरी केलाच असता. १९३३मध्ये मिळालेली सूट परत करणं आणि १९४५मध्ये जिंकत आलेल्या बाजूला थांबा म्हणणं, यासाठी लागणारा माणूस आपोआप जन्माला येत नाही.

लाउअ ज्यू नव्हते. गप्प राहिले असते तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं. पण १९३३मध्ये जर्मन भौतिकशास्त्र परिषदेच्या व्यासपीठावर, अध्यक्ष म्हणून बोलताना, त्यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर चाललेल्या हल्ल्यांची तुलना गॅलिलिओवरच्या खटल्याशी केली. सभागृहातल्या कुणालाही ती कळली नसेल असं होणं शक्य नव्हतं. हद्दपारीत मेलेल्या, ज्यू वंशाच्या रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांच्यावर त्यांनी मृत्युलेख लिहिला. मुलाला मात्र १९३७मध्येच अमेरिकेला पाठवून दिलं.

आणि हेच पदक, याच टंचाचं, फिलिप लेनार्ड आणि योहानेस स्टार्क यांच्याकडेही होतं. लेनार्ड १९०५चे विजेते, स्टार्क १९१९चे. प्रकाशविद्युत परिणाम शिकवताना लेनार्डचं नाव घ्यावंच लागतं, त्यांचे प्रयोग खरोखर सुंदर आहेत. या दोघांनी मिळून ‘जर्मन भौतिकशास्त्र’ नावाची चळवळ चालवली आणि सापेक्षतावादाला ज्यू विज्ञान म्हणून हिणवलं. लाउअ यांनी स्टार्कना बर्लिनच्या अकादमीत येऊ दिलं नाही, ही त्यांची लढाई होती. सोन्याचा कस कसोटीवर घासून कळतो. माणसाचा कस पाहण्याची सोय नोबेल समितीकडे नाही, आणि तसा दावाही ती करत नाही. आपणच पदक पाहून पुढचं सगळं गृहीत धरतो.

१९४०च्या त्या एप्रिलमध्ये, जर्मन विमानं आली तेव्हा, भौतिकशास्त्रज्ञ लिझ माइट्नर कोपनहेगनमध्येच होत्या. भेटीसाठी आल्या होत्या. त्या काही दिवसांनी स्टॉकहोमला परतल्या आणि तिथून बोर कुटुंब सुखरूप असल्याची तार त्यांनी इंग्लंडला केली. त्यांच्याजवळ विरघळवायला पदक नव्हतं. बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांच्यासोबत त्यांनी तीस वर्षं काम केलं होतं. जुलै १९३८मध्ये त्या जर्मनीतून निसटल्या तेव्हा जवळ दहा मार्क होते, आणि हान यांनी दिलेली, हान यांच्या आईची हिऱ्याची अंगठी, सीमेवरच्या पहारेकऱ्याला द्यायची वेळ आली तर असावी म्हणून. त्याच वर्षी नाताळात हान यांचं पत्र आलं की युरेनियमवर न्यूट्रॉन मारले तर बेरियम मिळतंय, हे कसं काय? माइट्नर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश स्वीडनमधल्या बर्फात फिरायला गेले, ओंडक्यावर बसून कागदाच्या कपट्यांवर त्यांनी हिशेब मांडला, आणि अणुकेंद्रक दुभंगतंय, त्यातून सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटतेय, हे जगात पहिल्यांदा त्यांना कळलं.

१९४४चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना मिळालं. माइट्नर यांची नोबेलसाठी शिफारस चाळीसहून अधिक वेळा झाली होती, शिफारस करणाऱ्यांत बोरही होते. पुढे इतर पुरस्कार आले. १९४९मध्ये माक्स प्लांक पदक मिळालं, १९६६मध्ये हान आणि त्यांचे सहकारी स्ट्रासमान यांच्याबरोबर एन्रिको फर्मी पुरस्कार. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला आज माइट्नेरियम म्हणतात. बॉम्बच्या कामासाठी बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला होता. इंग्लंडमधल्या ब्रॅम्ली गावात त्यांच्या थडग्यावर फ्रिशने कोरून घेतलंय की ही अशी भौतिकशास्त्रज्ञ होती जिने आपली माणुसकी कधी गमावली नाही. हे सगळं वाचल्यावर लोक म्हणतात, मग नोबेल नसलं म्हणून काय झालं. मला तसं म्हणवत नाही. तो अन्याय होता आणि मूलद्रव्याला नाव दिल्याने तो पुसला जात नाही.

बोर यांचं स्वतःचं पदक मात्र त्या दिवशी संस्थेत नव्हतं. रशियाने फिनलंडवर हल्ला केला होता, तिथल्या लोकांच्या मदतीसाठी बोर यांनी मार्च १९४०मध्ये ते लिलावात देऊन टाकलं होतं. घेणाऱ्याने नाव सांगितलं नाही, आणि पुढे ते डेन्मार्कच्या संग्रहालयाला दिलं. मारी क्युरी यांनीही पहिल्या महायुद्धात आपली पदकं वितळवण्यासाठी फ्रान्सच्या बँकेपुढे ठेवली होती. बँकेने ती घेतली नाहीत, तेव्हा त्यांनी बक्षिसाचे पैसे युद्धरोख्यांत घातले आणि क्ष-किरण यंत्रं बसवलेल्या गाड्या घेऊन आघाडीवर गेल्या.

आता एका शिक्षकाची गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

अब्दुस सलाम पंजाबातल्या, आज पाकिस्तानात असलेल्या झंगचे. फाळणीपूर्वीच्या लाहोरात त्यांना प्रा. अनिलेंद्र गांगुली यांनी गणित शिकवलं. सलाम यांचा पहिला निबंध १९४३मध्ये, विशीच्या आत असताना, छापून आला, आणि तो रामानुजन यांच्या एका गणितावर होता. १९४६मध्ये सलाम केंब्रिजला गेले. मग फाळणी झाली, गांगुली सर कोलकात्याला गेले. १९७९मध्ये ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्याबरोबर सलाम यांना नोबेल मिळालं. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रकातलं क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपं आहेत, असं सांगणाऱ्या सिद्धांतासाठी. स्टॉकहोमच्या समारंभात ते शेरवानी आणि पगडी घालून गेले.

पदक मिळाल्यावर त्यांनी भारत सरकारला विनंती केली, माझे शिक्षक शोधून द्या. जानेवारी १९८१मध्ये ते कोलकात्यात सरांच्या घरी पोचले. सर आजारी होते, अंथरुणाला खिळलेले. सलाम यांनी पदक काढून त्यांच्यापुढे धरलं आणि हे तुमच्या शिकवण्याचं फळ आहे, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी सर गेले.

मी हे कितीदा वाचलं आहे, तरी दर वेळी थांबतो. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत सरांना काय माहीत असेल? एक हुशार मुलगा वर्गात होता, मग देश दोन झाले, पत्ते बदलले. वर्गातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांतलं कोण पुढे काय झालं याची खबर क्वचितच लागते, आणि त्याबद्दल आम्हा शिक्षकांची तक्रारही नसते. ज्याचं नाव कोणत्याही पुरस्काराच्या यादीत कधीच येणार नव्हतं, त्याच्या दारात ते पदक सरहद्द ओलांडून आलं. भौतिकशास्त्रातल्या सगळ्या पदकांत मला एकच हातात घेऊन पाहायला मिळणार असेल, तर मी ते मागेन.

सलाम यांनी नोबेलच्या पैशातला आपला वाटा विकसनशील देशांतल्या भौतिकशास्त्रज्ञांसाठी वापरला. इटलीत त्रिएस्ते इथे १९६४मध्ये त्यांनी उभी केलेली संस्था आजही तेच काम करते, आणि आपल्याकडचे कितीतरी प्राध्यापक तिथे काही महिने राहून, शिकून आलेले आहेत. स्वतःच्या देशात मात्र त्यांच्या अहमदिया पंथाला १९७४मध्ये घटनादुरुस्ती करून गैरमुस्लिम ठरवण्यात आलं. त्यांच्या कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असं कोरलं होतं. त्यातला ‘मुस्लिम’ हा शब्द नंतर खोडून टाकला गेला.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या पदकाबद्दल अनेकजण हळहळ व्यक्त करतात. म्युऑन न्यूट्रिनो या मूलकणाच्या शोधासाठी १९८८चं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं होतं. उतारवयात स्मृतिभ्रंश जडला, आणि २०१५मध्ये त्यांचं पदक लिलावात ७ लाख ६५ हजार डॉलरला विकलं गेलं. ते पैसे पुढे औषधोपचाराला लागले. अमेरिकेसारख्या देशात नोबेल विजेत्यावर ही पाळी यावी, हे वाईटच. पण पदक विकण्यात मला काही उणं दिसत नाही. आमच्याकडे दागिना मोडून दवाखाना केला तर त्याला कुणी लाजिरवाणं म्हणत नाही, सोनं घरात असतंच त्यासाठी. शिवाय लेडरमन यांनी आयुष्याचा मोठा काळ शिकागोच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांना विज्ञान नीट शिकवता यावं यासाठी घालवला होता. ते काम लिलावात गेलं नाही.

नोबेलचा एक नियम मला खटकतो, आणि दिवसेंदिवस जास्त खटकतो: एका पुरस्काराचे वाटेकरी तीनच. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठणारा तरंग, पहिल्यांदा पकडली गेली. त्यावरच्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त नावं होती, त्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतलीही होती. तिथे संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी कितीतरी वर्षं एकच काम करत होते, उपकरणाच्या गोंगाटातून लहरीचा अतिक्षीण संकेत गणिताने निवडून काढण्याच्या पद्धती घडवायचं. अशी लहर कधी काळी सापडेल का, याची खात्री नव्हती तेव्हापासून. २०१७चं नोबेल वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना मिळालं, ते योग्यच होतं. पण २०१६च्या विशेष ब्रेकथ्रू पुरस्काराने केलेली वाटणी मला जास्त खरी वाटते. ३० लाख डॉलरपैकी १० लाख तिघा संस्थापकांना आणि २० लाख उरलेल्या १०१२ जणांत सारखे. माणशी दोन हजार डॉलरसुद्धा नाही. पण प्रत्येकाचं नाव घेतलं गेलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतातली वेधशाळा उभी राहते आहे. तिथे काम करायला आज शाळेत असलेली मुलं जातील, आणि त्यांचीही नावं अशाच लांब यादीत असतील. यादी लांब आहे म्हणून काम लहान ठरू नये.

हे सगळं मुलांना सांगायला मला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे नारायणगावजवळचं खोडद. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण सगळ्यांना खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, शेतांच्या मधोमध उभ्या. जुन्नर, आंबेगावच्या शाळांची मुलं ट्रक-टेंपोतून येतात, बाया-बापडे येतात, आणि पल्सार म्हणजे काय हे शास्त्रज्ञ त्यांना मराठीत समजावून सांगतात. मेलेल्या ताऱ्याचा गाभा दीपगृहासारखा गरगरतो, आणि त्याचा रेडिओ झोत ठराविक वेळाने पृथ्वीवरून जातो. आमच्या मुलींना मी तिथे, तबकडीच्या सावलीत बसवून, जोसेलिन बेलची गोष्ट सांगतो.

१९६७मध्ये बेल केंब्रिजला पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती. चार एकरांवर खांब रोवून, तारा ओढून दुर्बीण उभारणाऱ्यांत ती होती. दुर्बीण चालू झाल्यावर रोज सुमारे तीस मीटर लांबीचा आलेख कागदावर निघायचा, आणि तो डोळ्यांनी तपासणं हे तिचं काम. त्यात तिला एक बारीकशी खरवड दिसली, फार तर सेंटीमीटरभर जागेत. ती ताऱ्यासारखी नव्हती, माणसाने केलेल्या अडथळ्यासारखीही नव्हती. तिने ती सोडून दिली नाही. नोव्हेंबरात कागद जास्त वेगाने पळवून पाहिल्यावर त्यात एक एक ठोका वेगळा दिसला, दर १.३३७ सेकंदांनी, अचूक. तो पहिला पल्सार. १९७४चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. तिला नाही.

बेल बर्नेल यांनी त्याबद्दल कधी कडवटपणा दाखवला नाही. विद्यार्थ्यांना नोबेल देऊ लागलो तर त्याचं मोल उतरेल, अगदी अपवादात्मक प्रसंग सोडून, असं त्यांनीच म्हटलं आहे. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे आणि या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. तो प्रसंग अपवादात्मकच होता. कुणी ज्याकडे दुर्लक्ष केलं असतं ते तिने पाहिलं, आणि पाहिलेल्यावर अडून राहिली. विज्ञानात याहून वेगळं काय करतात?

२०१८मध्ये त्यांना विशेष ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, ३० लाख डॉलरचा. त्यांनी सगळी रक्कम इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सकडे दिली. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी. करू पाहणाऱ्या, पण या विषयात एरवी फारशा न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: मुली, वांशिक अल्पसंख्य, निर्वासित. त्यामागचं त्यांचं कारण मला फार मोलाचं वाटतं. उत्तर आयर्लंडहून केंब्रिजला आल्यावर त्यांना सतत वाटायचं की आपण इथल्या नाही, एक दिवस आपल्याला काढून टाकतील. म्हणून त्या प्रत्येक कागद जिवापाड तपासायच्या, आणि त्या तपासण्यातूनच ती खरवड सापडली. बाहेरून आलेला माणूस वेगळं पाहतो, तेव्हा त्याला आत येऊ द्या, असं त्या म्हणतात.

गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, निर्वासित म्हणजे दुसऱ्या देशातून पळून आलेले ना, मग त्यांच्याजवळ मार्कशीट कुठून असणार? मी त्यांना फ्रांक, हेवेशी, माइट्नर यांच्याबद्दल सांगायला सुरुवात केली. बस सुटायची वेळ झाली होती. उरलेलं परतीच्या वाटेवर, नारायणगाव मागे पडेपर्यंत, बसच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं.